वेलांटी कुठे सरकली?

अकरावी-बारावीत पायथॉन शिकलेले विद्यार्थी पुष्कळदा शाळेसाठी प्रगतिपुस्तकाचा प्रोग्रॅम लिहून देतात. गुणांची बेरीज, टक्केवारी, श्रेणी इथवर सगळे सुरळीत चालते. मग मुख्याध्यापक म्हणतात, "प्रत्येक मुलाचे पान पीडीएफ करून द्या," आणि गाडी अडते. ही अडचण वर्गात सोडवायला घ्यावी इतकी चांगली आहे, असे आम्हाला वाटते.

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ साली आणले. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पीडीएफ फाइल म्हणजे पानाचे छायाचित्र नव्हे, ती सूचनांची यादी असते: अमुक बिंदूवर, अमुक फॉन्टमधले, अमुक क्रमांकाचे चिन्ह काढा. पान आलेखाच्या कागदासारखे मानलेले असते. आरंभबिंदू डाव्या बाजूला खाली, एकक इंचाचा ७२ वा भाग. ए-४ कागद या एककात सुमारे ५९५ × ८४२ भरतो. कोणता भाग फाइलीत कितव्या बाइटवर सुरू होतो, याची नोंदही फाइलीत असते. हे सगळे हाताने लिहिता येते, पण मध्ये एक अक्षर वाढले की पुढच्या नोंदी चुकल्या! म्हणून लायब्ररी वापरायची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून तपासून ठेवलेला प्रोग्रॅमचा तयार भाग.

समजा, आपण एफपीडीएफ-२ ही मोफत लायब्ररी घेतली. पायथॉनच्या 'पिप' या साधनाला नाव सांगितले की ते लायब्ररी आणि तिला लागणारे इतर भाग उतरवून घेते. इथे एक खाचखळगा आहे. नुसत्या एफपीडीएफ या नावाची एक जुनी लायब्ररीही मिळते, आणि प्रोग्रॅममध्ये दोघींना हाक मारायचे नाव एकच! दोन्ही एकाच ठिकाणी बसवल्या तर गोंधळ ठरलेला. म्हणून प्रत्येक प्रकल्पाचा कप्पा वेगळा ठेवावा आणि कोणती आवृत्ती बसवली ते लिहून ठेवावे.

आता खरी गंमत. पीडीएफमध्ये गृहीत धरलेले १४ प्रमाण फॉन्ट आहेत. त्यांत देवनागरी एकही नाही. तेव्हा नोटो सान्स देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रोग्रॅमला जोडायचा. लायब्ररी त्यातली लागतील तेवढी चिन्हे पीडीएफमध्येच भरते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी चालते. पण छापून पाहावे, तर 'शिक्षक' शब्दातली पहिली वेलांटी 'श'च्या मागे पडलेली, 'क' आणि 'ष' पाय मोडून वेगळे उभे!

असे का होते? युनिकोडमध्ये आपण उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवतो. 'शिक्षक' म्हणजे श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, क असे सहा संकेत. कागदावर मात्र वेलांटी, श, क्ष, क अशी चारच चिन्हे हवीत, तीही वेगळ्या क्रमाने. इंग्रजीत बहुतेक वेळा एका संकेताला एक चिन्ह, साठवले त्याच क्रमाने. एवढेच जाणणारी लायब्ररी देवनागरीत फसते. संकेतांवरून चिन्हे आणि त्यांच्या जागा ठरवण्याचे काम हार्फबझ नावाची आणखी एक लायब्ररी करते. ती वेगळी बसवून एफपीडीएफ-२ मधली अक्षरजुळणीची सोय चालू करावी लागते. आपोआप ती बंद असते. भाषा मराठी आहे असेही सांगता येते. फॉन्टात सोय असेल, तर हिंदीऐवजी मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' उमटतात.

छापील पान बरोबर दिसले म्हणजे काम संपले, असे नाही. पीडीएफमधून नाव निवडून दुसऱ्या फाइलीत चिकटवून पाहावे. चिन्हावरून मूळ संकेताकडे परत जाणारा तक्ता नीट नसेल, तर तिथे भलतेच उमटते, आणि मग फाइलीत नाव शोधूनही सापडत नाही.

प्रोग्रॅम कार्यालयातल्या संगणकावर न्यायचा तर पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने त्याची गाठोडी बांधतात. ते साधन लायब्ऱ्या शोधून घेते. फॉन्टची फाइल मात्र आपण सांगितल्याशिवाय घेत नाही. घरी चाललेला प्रोग्रॅम शाळेत बंद पडतो तो बहुधा इथेच.

परवानाही वाचावा. आयटेक्स्ट ही नामांकित लायब्ररी फुकट उतरवता येते. पण ती वापरलेला आपला प्रोग्रॅम इतरांना दिला, तर त्याचा मूळ मजकूरही खुला करावा लागतो, किंवा व्यापारी परवाना विकत घ्यावा लागतो.

चाचणीसाठी वर्गातलीच नावे घ्यावीत. 'अजय' कुठल्याही लायब्ररीत बरोबर येईल, त्याचा उपयोग नाही. कीर्तीचा रफार, हृषीकेशचा 'हृ', ज्ञानेश्वरचा 'ज्ञ' आणि कुऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांतला अर्धा 'ऱ' घेऊन पाहावे. प्रत्येक नावात संकेत किती आणि कागदावर चिन्हे किती, हे विद्यार्थ्यांना आधी वहीत मोजायला सांगावे, मग छापावे.