मानकोली : गोदामांच्या गावातला चैत्र

मुंबई–नाशिक महामार्गाने ठाणे सोडले, खारेगाव मागे टाकून उल्हास नदीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. दिवे अंजूर येते आणि पाठोपाठ मानकोली नाका. नाक्यावर उड्डाणपूल आहे, त्याच्याखाली कंटेनरच्या रांगा आहेत आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तिथवर पत्र्याची छपरे दिसतात. मुंबई-ठाण्यात घरपोच येणारे कितीतरी सामान आधी या पट्ट्यातल्या गोदामांत उतरते. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर ही नावे ट्रकचालकांना तोंडपाठ आहेत. मात्र मानकोलीची ओळख नाक्यावर आणि गोदामांवर संपत नाही. इथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलाला इतिहास शिकायला जे काही लागते, ते त्याच्या पायाखाली किंवा सहलीच्या एका फेरीत आहे, आणि ते पाहायचा खरा हंगाम फाल्गुन-चैत्राचा.

ऊन वाढू लागले की शाळा सकाळची होते. भात केव्हाच झोडून झालेला असतो, शेते मोकळी असतात, बांधावरून चालता येते. काटेसावर आणि पांगारा पाने टाकून नुसत्या लाल फुलांनी उभे असतात, करंजाला पालवी फुटते, आंब्यावर मोहोर जाऊन बाळकैऱ्या धरतात. शेती राखलेल्या घरांत राब भाजायची वेळ आलेली असते. भाताची रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर घालून ते पेटवतात. तण आणि किडीची अंडी जळतात, राख खत म्हणून मातीत मिसळते. विज्ञान, शेती आणि आजोबांचे शहाणपण एका जागी दाखवणारा याहून सोपा धडा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला वर्गाने प्रश्न विचारावेत आणि त्याने उत्तरे द्यावीत. त्या सकाळी तोच गुरुजी.

तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्यानुसार वेगळे काढले, त्यामागचा विचार हाच होता की मुलाने आधी आपला जिल्हा ओळखावा. चौथीत शिवछत्रपती येतात. 1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि तिथेच मराठी आरमाराचा पाया पडला. मानकोलीच्या मुलाला ही गोष्ट सांगताना नकाशा फळ्यावर काढायची गरजच नाही. दुर्गाडीखालून वाहणारे पाणीच पुढे मानकोलीच्या बाजूने ठाण्याकडे आणि मग वसईच्या समुद्राकडे जाते. राजमाचीच्या डोंगरात उगवलेली उल्हास नदी इथे खाडी होते. प्राचीन कल्याण बंदराचा व्यापार याच जलमार्गाने चाले, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरून ठेवली आहेत.

या पाण्याने गावांना मासळी दिली, रेती दिली आणि खार दिली. खारजमीन समजली नाही तर मानकोली समजत नाही. भरतीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, बांधात लाकडी झडपेची उघाडी बसवायची, ओहोटीला पावसाचे गोडे पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला झडप मिटू द्यायची. काही पावसाळ्यांत मातीतले मीठ धुऊन जायचे आणि तिथे भात उभे राहायचे, तेही खाऱ्या मातीला न डगमगणारे लाल तांदळाचे राता वाण. आगरी समाजाने पिढ्यानपिढ्या हातांनी केलेले हे काम आहे. बांध एका घराचा नसतो. एका ठिकाणी खांड पडली की सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते, म्हणून बांधाला माती टाकायला गाव एकत्र यायचे. सरकारने 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा केला आणि 1979 मध्ये नवा आणला. त्याआधी कित्येक शतके हे शास्त्र कागदाशिवाय चालू होते.

आज यातल्या बऱ्याच जमिनीवर भराव पडला आहे. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे, म्हणून जकातीच्या हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर माल ठेवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. महामार्ग, न्हावाशेवा बंदराची वाट आणि ग्रामपंचायतींची मोकळी जमीन, तिन्ही इथे होते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली, कारण आता ऑनलाइन खरेदीचा माल येत होता. भाड्याने घरांना पैसा दिला हे खरे आहे आणि ते मुलांपासून लपवू नये. भराव पडल्यावर पावसाचे पाणी कुठे जाते, उघाडी कुठे होती आणि तिथे आता काय आहे, हेही त्यांना दाखवावे. हा वाद मुलांच्या वयाला झेपेल, कारण पावसाळ्यात अंगणात शिरणारे पाणी त्यांनी स्वतः पाहिलेले असते.

मानकोलीला लागूनच अंजूर आहे, आणि अठराव्या शतकातल्या एका मोठ्या मोहिमेची सुरुवात या गावाशी जोडलेली आहे. साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, आणि वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. अंजूरच्या नाईक घराण्यातले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे गेले, साष्टीतली बातमी, वाटा आणि माणसे जोडून दिली आणि मोहिमेसाठी वर्षानुवर्षे खटपट केली. 1737 च्या वसंतात मराठे खाडी ओलांडून ठाण्यावर उतरले. पोर्तुगीजांचा तिथला किल्ला अजून बांधून पुरा व्हायचा होता. त्या किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. पुढे दोन वर्षे झुंज चालली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. 'साष्टीची बखर' या घराण्याच्या कामगिरीची हकीकत सांगते. मुलांना चिमाजी अप्पा माहीत असतात. पण ज्याच्या घरून ही सगळी खटपट सुरू झाली तो माणूस शेजारच्या गावचा, हे त्यांना शाळेतच कळायला हवे, आणि नाईकांच्या वाड्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेताना ही गोष्टही सांगायला हवी. त्याच विजयाशी जोडलेले वज्रेश्वरीचे मंदिर याच तालुक्यात आहे. चिमाजी अप्पांच्या नवसाचे म्हणून ते ओळखले जाते आणि किल्ल्यासारखा कोट घेऊन उभे आहे. तिथली मोठी यात्रा चैत्राच्या अखेरीस, अमावास्येला भरते.

अजून मागे जायचे तर याच तालुक्यातल्या लोनाडला जावे. तिथल्या टेकडीवर दीड हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध लेणे आहे आणि लोक तिथे खांडेश्वरी देवी पुजतात. गावात शिलाहारकाळातले पडके शिवमंदिर आहे. शेजारच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161 चा, म्हणजे साधारण 1240 चा शिलालेख मिळाला. त्यात महाशिवरात्रीला दिलेल्या दानाची नोंद आहे. शिवरात्र झाली की लगेच शिमगा येतो, त्यामुळे सहल काढायची तर याच दिवसांत काढावी.

शिमग्यात शाळेला वेगळे काही करावे लागत नाही, गावच शिकवते. होळीची आणि लग्नातल्या धवल्याची गाणी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना येतात. ती वहीत उतरवून घेणे हा चौथीच्या मुलीला सहज जमणारा अभ्यास आहे आणि ती गाणी आगरी बोलीत जशी म्हटली जातात तशीच लिहावीत. वर्गात आता उत्तर प्रदेश, बिहार आणि मराठवाड्यातून कामाला आलेल्यांची मुलेही बसतात. त्यांनी आपल्या गावची होळी सांगावी. गुढीपाडव्याला जिल्हा परिषदेच्या शाळा 'पट वाढवा' म्हणत नवी नावे नोंदवतात. त्या दिवशी गोदामांच्या वस्त्यांत शिक्षकांनी नक्की जावे. आनंददायी शनिवारचा उपक्रम 2024 मध्ये सरकारनेच सुरू केला आहे, तेव्हा बांधावर फिरायला वेगळा वेळ मागायची गरज नाही.

मुलांपुढे ठेवायची कागदपत्रे मात्र शाळेत नाहीत, ती घरांत आहेत. जुना सातबारा, गावनकाशा, बांधाला माती टाकतानाचा किंवा खाडीतल्या होडीचा एखादा फोटो ज्यांच्याकडे असेल, त्यांनी त्याची एक झेरॉक्स येत्या पाडव्यापर्यंत शाळेत नेऊन द्यावी, आणि घरात कोणी आजोबा-आजी असतील तर त्यांनाही एका शनिवारी सोबत आणावे.