न भरणाऱ्या जखमेची निगा

आमच्या अंत्यकालीन शुश्रूषा विभागात येणाऱ्या कर्करुग्णांची जखम बहुधा भरून येणारी नसते. तेथे वेदना, स्राव व दुर्गंधी आटोक्यात ठेवणे हेच आम्ही कर्तव्य मानतो. दुर्गंधीपायी घरची माणसेही दाराशी थबकतात. रुग्णास हे वेदनेहून अधिक लागते. प्राणवायूविना वाढणारे जंतू हे तिचे मुख्य कारण. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर पसरल्यास बहुधा काही दिवसांत वास ओसरतो. पट्टी कोरडी ओढू नये; अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चहाचा चमचाभर मीठ घालून त्याने ती भिजवून सोडवावी. त्याआधी अर्धा तास वेदनाशामक द्यावे. महागड्या पट्ट्याच हव्यात असे नाही. कुकरमध्ये वाफवलेले जुने सुती लुगडेही चालते, हे आम्ही नातेवाइकांस आवर्जून शिकवितो.