डोळ्यांनी ऐकणारी माणसे

गाणे कानांनी ऐकायचे असते, अशी आपली समजूत. स्पीकर विकत घ्यायला निघालेला गृहस्थ मात्र आधी डोळ्यांनी ऐकतो, मग किमतीच्या चिठ्ठीने; कानांची पाळी आलीच तर सर्वांत शेवटी. वाचकहो, ही माझी थट्टा नव्हे. पडदा लावून घेतलेल्या परीक्षांत ते दिसून आले आहे.

अशा परीक्षांची हौस जुनी आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर ग्रामोफोन, शेजारी गायिका. मध्येच दिवे मालवायचे आणि गाते आहे ती बाई की तबकडी, हे श्रोत्यांनी ओळखायचे. श्रोते चकत! पण त्यात एक मेख होती. अ‍ॅना केस या गायिकेने उतारवयात सांगून टाकले की, तबकडीशी जुळावा म्हणून ती आपला आवाज दाबून गात असे. म्हणजे यंत्र बाईसारखे गात नव्हते, बाईच यंत्रासारखी गात होती. विकणाऱ्यानेच परीक्षा घेतली की असे व्हायचेच.

याहून प्रामाणिक परीक्षा फ्लॉइड टूल या संशोधकाने घेतली. कॅनडाच्या सरकारी संशोधन मंडळात बरीच वर्षे काढून ते अमेरिकेतल्या हार्मन कंपनीत गेले. तेथे शॉन ऑलिव्ह या सहकाऱ्यासह त्यांनी केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. कंपनीच्याच ४० माणसांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. ऐकायचे आणि गुण द्यायचे. पडद्याआड एका लहानशा, स्वस्त संचाने चांगले गुण मिळवले. पडदा सरताच त्याचे गुण घसरले आणि भारदस्त पेट्यांचे वाढले. गाणी तीच, माणसेही तीच! याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. स्पीकर खोलीत कोठे ठेवला यावर आवाज बदलतो. हा फरक पडद्याआड लोकांना कळत होता. पेट्या दिसू लागताच तो त्यांना जणू ऐकूच येईनासा झाला.

मग परीक्षक तयार कानाचेच हवेत काय? ऑलिव्ह यांनी २००३ साली २६८ श्रोत्यांचे निकाल मांडले. त्यांत विद्यार्थी होते, विक्रेते होते, समीक्षक होते आणि मुद्दाम शिकवून तयार केलेले श्रोतेही होते. स्पीकरांचा क्रम साऱ्यांनी जवळजवळ एकच लावला! तयार श्रोते गुण देण्यात अधिक कंजूष आणि आपल्या मताला अधिक पक्के, एवढेच. तुमच्याआमच्या कानांची लाज राखणारी ही बातमी मला फार आवडली.

घरी हा खेळ करायचा तर एक गोष्ट सांभाळा. दोन्ही स्पीकरांचा आवाज सारखा मोठा हवा. किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. हल्ली मोबाइलवर आवाज मोजता येतो, त्याची मदत घ्या. पेट्या बदलायलाही वेळ लावू नका, कारण आवाजाची आठवण क्षणात विरते. हार्मनच्या प्रयोगशाळेत तर पडद्यामागे स्पीकर काही सेकंदांत एकाच जागी आणून ठेवणारे यंत्र आहे! आणि एकट्या सतारीवर भागवू नका. भरगच्च वाद्यमेळात दोष लवकर उघडे पडतात.

आमच्याकडे गेल्या दिवाळीत यंत्राचे काम भाच्याने केले आणि पडद्याचे सासूबाईंच्या जुन्या, विरलेल्या पातळाने. (जाड चादर नको, ती आवाज गिळते.) सासूबाईंनी पाचही वेळा एकाच स्पीकरला कौल दिला. पातळ दूर होताच त्या उद्गारल्या, “अगबाई, ही एवढीशी?” घेतली ती तीच. दिवाणखान्यात ती शोभत नाही, ही सौ.ची तक्रार अजून चालू आहे.