एकाच दिवशी दोन कायदे

२० मार्च १९२४ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात दोन कायद्यांवर गव्हर्नरची सही झाली. एकाने गोऱ्यांना इतर वर्णाच्या व्यक्तीशी लग्न करायला मनाई केली. दुसऱ्याने सरकारी संस्थांत ठेवलेल्या 'मनोदुर्बल' माणसांची सक्तीने नसबंदी करायची मुभा दिली. वर्णद्वेष आणि अपंगांविषयीचा तिटकारा यांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला ही तारीख सांगावी. वंश बाटेल, ही भीती दोन्हीकडे होती.

मनोदुर्बल कोण, हे ठरवलं कसं? कॅरी बकचं उदाहरण घ्या. ती गोरीच, पण गरीब, परक्यांच्या घरी वाढलेली. त्या घरच्या बाईच्या भाच्याने बलात्कार केल्याचं तिने पुढे सांगितलं. दिवस गेल्यावर घरच्यांनी तिची रवानगी संस्थेत केली. तिची आई आधीपासून तिथेच होती. लग्नाआधीचं मूल हा बुद्धी कमी असल्याचा पुरावा ठरला आणि तान्ह्या मुलीवरही तोच शिक्का बसला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कॅरीची नसबंदी वैध ठरवली. गरिबीचा तिरस्कार आणि बाईच्या शीलाविषयीचा संशय असे डॉक्टरी भाषेत गेले, की शिक्षेला उपचार म्हणता येतं.

कॅरीची मुलगी शाळेत नीट शिकत होती. आठव्या वर्षी वारली. म्हणून कॅरीची बाजू घेणारे सांगतात, या मायलेकी मंद नव्हत्याच. खरंच नव्हत्या. पण असत्या, तर चाललं असतं? बायकांना मताधिकार आणि काळ्यांना स्वातंत्र्य नाकारतानाही त्यांची बुद्धी अधू असल्याचं सांगितलं गेलं. 'आम्ही अधू नाही' हे उत्तर त्यांना सोडवणारं असेल. जे अधू आहेत, त्यांना ते तिथेच सोडून जातं.

लग्नबंदीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. कॅरीच्या खटल्यातला निकाल मात्र त्याने आजवर स्पष्ट शब्दांत फिरवलेला नाही.

आपल्याकडे १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या, तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद' मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. या मुली मंद नाहीतच, असं म्हणून सुटायची सोय त्या वादात कोणालाच नव्हती. त्यामुळे प्रश्न उघडा पडला: देखभालीला माणसं कमी पडतात, म्हणून मुलीचं गर्भाशय काढायचं?