राखणदार बिघडला तर

कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लाल चट्टे उठतात. त्यांवर चंदेरी खपल्या धरतात. खाजवले की कोंडा गळतो. या रोगाला सोरायसिस म्हणतात. गावात कोणी त्याला नायटा म्हणतो, कोणी महारोग. हे दोन्ही नव्हे बरे! तालमीत अशा पोराशी कोणी कुस्ती धरीत नाही. पंगतीत बाईला बाजूला बसवतात. आम्हांला याचे फार वाईट वाटते. कारण हा रोग शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्यानेही लागत नाही.

मग होतो कशाने? भिंत जशी विटांची, तसे शरीर बारीक पेशींचे असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. रोगजंतू शिरले की त्या तुटून पडतात. त्यांतल्या काहींना टी पेशी म्हणतात. सोरायसिसमध्ये या टी पेशींना भलताच संशय येतो. उसाच्या फडात डुक्कर नसताना राखणदाराने ओरडून सारा गाव उठवावा, तसे होते. त्या हाकाटीने कातडीची घाई उडते. एरवी नवी कातडी तळातून वर यायला सुमारे ४ आठवडे लागतात. इथे ती ४-५ दिवसांतच वर येते आणि कच्चीच साठते. त्याच खपल्या.

थोड्या चट्ट्यांना मलम पुरते. अंगभर पसरले तर राखणदाराला शांत करणारे औषध देतात. मेथोट्रेक्झेट हे त्यांतले जुने व स्वस्त. आंध्रचे डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करीत. १९४० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या हाताखाली ते तयार झाले, तेही कर्करोगासाठी.

आता नीट ऐका. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकाच वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो! जोतिबाचा रविवार धरा, म्हणजे विसर पडणार नाही. राखणदार ढिला पडला की खरे चोरही शिरतात. म्हणून आधी क्षय आहे का ते पाहतात, मधूनमधून रक्त तपासतात. ताप, खोकला आला, तोंड आले, तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना गाठा. दारू बंद, कारण यकृत बिघडते. पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ही गोळी चालत नाही. मूल हवे असेल तर नवराबायकोने आधीच सांगावे.

रोग मुळासकट जात नाही, पण दबून राहतो. मुळापासून घालवतो म्हणणाऱ्याच्या पुडीत कधी कधी स्टेरॉईड असते. आठ दिवसांत कातडी साफ दिसते. पुडी थांबली की रोग दुप्पट उसळतो. कोल्हापुरात सी. पी. आर. हा सरकारी दवाखाना आहे. तिथे केसपेपर काढून कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. घरात चालू असलेल्या गोळ्या आणि पुड्या बरोबर न्या.