फ्लॉक्स, ड्रमंड
(लॅ. फ्लॉक्स ड्रमंडाय, कुल–पोलेमोनिएसी). ही वर्षायू, केसाळ ओषधी मूळची अमेरिकेतील टेक्सस राज्यातील असून भारतात शोभेसाठी बागांतून लावतात. उंची सु. १५–५० सेंमी.; पाने साधी, खालची समोरासमोर व वरची एकाआड एक. फुले शेंड्याकडे झुबक्याने येतात. पुष्पमुकुट खाली नळीसारखा व वर पसरट, पाकळ्या पाच. किंजपुट तीन कप्प्यांचा. फळ (बोंड) शुष्क. टॉमस ड्रमंड यांनी टेक्ससातून पाठविलेल्या बियांपासून ब्रिटनमध्ये रोपे तयार झाली. १८३५ मध्ये, ड्रमंड यांच्या मृत्यूच्या वर्षीच, हूकर यांनी या जातीला त्यांचे नाव दिले.

टेक्ससात बहुतेक ठिकाणी हिची फुले फिकट निळी असतात. मात्र जेथे फ्लॉक्स कस्पिडेटा ही तशाच रंगाची जाती शेजारी वाढते, तेथे ती गडद लाल असतात. दोन्ही जातींत परागण फुलपाखरे करतात व संकरज झाडे बहुतांशी वंध्य निपजतात. फुलपाखरे सहसा एकाच रंगाच्या फुलांवर फिरत राहतात. त्यामुळे लाल रंगाने हा निष्फळ संकर घटतो, असे हॉपकिन्स व राउशर यांनी २०१२ मध्ये प्रयोगांनी दाखविले. रंगातील हा पालट मुख्यत: दोन जनुकांमुळे होतो.

मुंबईतील पावसाळा व उन्हाळा हिला मानवत नाही. पाऊस संपल्यावर बी पेरल्यास हिवाळ्यात फुले येतात. गिरगाव, दादर, लालबाग यांसारख्या दाट वस्तीत ऊन येणाऱ्या सज्जातील कुंडीही पुरते. मात्र माती निचऱ्याची असावी. लागवडीतील प्रकारांत लाल, गुलाबी, जांभळी व पांढरी फुले आढळतात.