काळा दगड, शांत पाणी: कोव्ह कसा बनतो?

हिंगोलीपासून अरबी समुद्र सरळ रेषेतही चारशे किलोमीटरहून लांब. आपल्या कयाधूचं पाणी तर पैनगंगेतून पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. मग आजचा एपिसोड समुद्रावर कशाला? कारण आपल्या विहिरीत लागतो तोच काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, थेट कोकण किनाऱ्यापर्यंत पसरलाय. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून तो बनला.

आता गंमत बघा. हे सगळे थर सारखे टणक नसतात. काही घट्ट, काही भेगांचे, काही सच्छिद्र. लाटा सगळीकडेच आपटतात, पण कच्चा भाग लवकर झिजतो आणि पक्का भाग नाकासारखा पुढे उरतो. दोन नाकांमध्ये आत शिरलेलं अर्धगोल पाणी म्हणजे कोव्ह. लाटेचा जोर नाकांवर एकवटतो आणि आत आल्यावर विखुरतो. म्हणून आत वाळू साचते, पाणी शांत दिसतं.

हा आडोसा दर्यावर्दींना बरोबर कळला होता. विजयदुर्ग बघा. वाघोटण खाडीच्या तोंडाशी जमिनीचं टोक पुढे आलंय, त्यावर किल्ला. तिथे आत शिरते ती खाडी, पण आडोशाचं तत्त्व तेच. मागच्या शांत पाण्यात आंग्र्यांचं आरमार उभं राहायचं. पण फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रज फौजेने हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची एकत्र उभी असलेली जहाजं तिथेच जळाली. आडोशातून बाहेर पडायला वाटच उरली नाही.

आता आपल्या कामाचं. आपण मित्रांसोबत गाडी काढून कोकणात जातो आणि शांत दिसतं तिथेच पाण्यात उतरतो. पण लाटांनी आत आणलेलं पाणी परत कुठून जाणार? बऱ्याचदा खडकाच्या कडेने, जोरात, समुद्राकडे. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा उलट जास्त सुरक्षित वाटते. म्हणून वाळू आणि खडक जुळतात त्या कोपऱ्यात उतरू नका. ओढले गेलात तर प्रवाहाशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, खडकापासून दूर पोहा.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट लाटांनी झिजवलेल्या खडकावरून जाते. तिथे ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच पुढे जा. भरती कुणासाठी थांबत नाही.

ट्रिपच्या ग्रुपवर हा एपिसोड आधी टाका, फोटो नंतर. भेटू पुढच्या भागात!